अप्पांची मान

बोटभर. त्या दोन वर्षांत माझा नेम जितक्यांदा चुकला तितक्यांदा तो बोटभरच चुकला, आणि दर वेळी उजवीकडेच चुकला. कधी इकडे, कधी तिकडे असा वेडावाकडा चुकला असता तर मी स्वतःच्या धांदरटपणाला चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण हे काहीतरी निराळंच होतं. स्नूकरच्या टेबलावर लाल बॉल पॉकेटच्या अगदी समोर असायचा, पांढरा त्याच्या मागे, दोघांत हातभर अंतर. शेंबड्या पोरानंही घालावा असा. मी वाकायचो, श्वास धरायचो, क्यूची काठी पुढे जायची, आणि लाल बॉल पॉकेटच्या उजव्या कडेवर टक्कन आपटून मला हसल्यासारखा परत यायचा. तो टक्क आवाज आजही माझ्या कानात आहे. टीव्हीवर स्नूकर लागलं आणि एखाद्याचा बॉल कडेला आपटला की मी खुर्चीतल्या खुर्चीत अंग चोरतो. आमची सून म्हणते, "बाबा, तुम्ही कशाला त्रास करून घेता? तो आयर्लंडचा आहे."

आम्ही गिरगावात राहायचो, दोन खोल्या आणि एक गॅलरी. अप्पा, म्हणजे माझे वडील, एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचे. घरात श्रीमंती अशी कधी नव्हती, पण क्लबाचं सभासदत्व आजोबांपासून चालत आलं होतं, देव्हाऱ्यातले टाक चालत यावेत तसं, आणि अप्पा ते तितक्याच निष्ठेनं पाळायचे. ऑफिसातून आले, चहा झाला, धोतर बदलून पँट चढवली की निघाले क्लबात. तिथे एकच स्नूकरचं टेबल होतं, त्यावर लांबट शेडचे दिवे, आणि भिंतीपाशी उंच बाकं. अप्पा खेळायला वाकले की बाकांवरचं बोलणं थांबायचं. ते मान डावीकडे अशी काही कलती करायचे आणि उजवा गाल क्यूला असा काही चिकटवायचे की वाटावं, सतारीचे सूर जुळतायत का ते ऐकतोय हा माणूस. लोक त्याला अप्पांची मान म्हणायचे. नवे सभासद घरी आरशापुढे तशी मान करून बघायचे म्हणे. त्या कलत्या मानेतून निघालेला बॉल क्वचितच चुकायचा.

मी त्या माणसाचा एकुलता एक मुलगा, आणि वर आमच्या चाळीचा कॅरम चँपियन. त्यामुळे मॅट्रिक होऊन कॉलेजात गेल्यावर अप्पांनी पहिल्यांदा माझ्या हातात क्यू दिला तेव्हा महिन्याभरात टेबल गाजवायचं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कॅरमनंच माझा पहिला घात केला. तिथे सगळा खेळ टिचकीचा. बोट सुटलं की काम झालं. क्यूलाही मी नकळत तशीच टिचकी द्यायचो, कोपर उडायचं, मनगट फिरायचं. अप्पा मागे उभे राहून सांगायचे, "विनू, झटका नको. मान कलव. अजून. गाल लाव काठीला. उजवा डोळा काठीवर आणि डावा डोळा विसरायचा." डोळा विसरायचा म्हणजे काय करायचं, हे काही मला कधी कळलं नाही. मिटायचा का, असं विचारलं तर म्हणायचे, "मिटायचा कशाला? तो नाहीच असं समजायचं." मी तसं समजायचो. टक्क. पुन्हा समजायचो. टक्क. शेवटी अप्पा क्यू काढून घ्यायचे आणि बाकावरच्या कुणाला तरी सांगायचे, "हाताला वळणच नाही हो पोराच्या." हे वाक्य मी त्या दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकलं की मला स्वतःच्या हाताची चीड यायला लागली. जेवताना त्याच्याकडे बघून वाटायचं, भात कालवायला बरा चालतो हा.

मग मी घरी सराव करायचं ठरवलं. घरात क्यूसारखी सरळ वस्तू एकच होती, वरच्या दांडीवर कपडे टाकायची काठी. ती सोवळ्याची. आईची रोजची आंघोळ झाली की ती त्याच काठीनं आपलं धुतलेलं लुगडं वर टाकायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच काठीनं खाली काढायची, म्हणजे स्वयंपाकापर्यंत त्याला कुणाचा हात लागायला नको. त्या काठीला आम्ही हात लावायचा नाही, हे चालायला शिकण्याच्या आधी शिकलेलं. पण नेमाच्या वेडात मला सोवळं-ओवळं सुचत नव्हतं. क्लबातल्या कुणीतरी सांगितलं होतं की टांगलेल्या कड्यातून क्यू न लागता आरपार गेला पाहिजे. मी आईची एक काचेची बांगडी दोऱ्यानं खुंटीला टांगली, खालच्या पेटीवर डावा हात टेकला, मान कलवली, गाल लावला आणि काठी सोडली. बांगडीचे तीन तुकडे. त्याच क्षणी आई दारात. तिला आधी कशाचा धक्का बसला, वाढलेल्या बांगडीचा की विटाळलेल्या काठीचा, हे तिलाही ठरवता येईना. "मेल्या, माझं सौभाग्य टांगायला खुंटी बरी सापडली तुला!" ती ओरडली. काठी पुन्हा धुतली गेली, लुगडं पुन्हा पिळलं गेलं, स्वयंपाकाला तासभर उशीर झाला. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बांगडी कुठल्या बाजूनं फुटली?" मी म्हटलं, "उजव्या." त्यांनी सुस्कारा टाकला.

रविवारच्या जेवणाची मला अजून सय येते. वालाचं बिरडं, आमसुलाचं सार, ओल्या खोबऱ्याची चटणी, आणि खालच्या रस्त्यावरून ट्रामची घंटा. मी नि अप्पा शेजारी बसायचो. ते ओळीच्या डाव्या टोकाला, भिंतीला लागून, मी त्यांच्या उजवीकडे. आईचं वाढणं म्हणजे कायदा: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ताटाच्या डाव्या बाजूला, भाजी-आमटी उजवीकडे. पाहुण्याच्या ताटात चटणी चुकून उजवीकडे पडली तर तिला शरमल्यासारखं व्हायचं. पण अप्पांच्या ताटात चटणी उजवीकडे असायची. कायम. लहानपणी मी एकदा विचारलं होतं तर आई म्हणाली होती, "त्यांना तशीच आवडते." अप्पांची अशी बरीच खुळं होती. रस्त्यानं चालताना आपण नेहमी त्यांच्या उजव्या हाताला असायला हवं. नाटकाला गेले तर डाव्या टोकाची खुर्ची. एवढा मोठा नकाशे काढणारा माणूस, त्याला चार खुळं असायचीच, असं मी धरून चाललो होतो.

बाहेर सगळी मुंबई पेटलेली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, मोर्चे, हरताळ. आज चौपाटीवर सभा तर उद्या परळला, परवा संचारबंदी. माझे कॉलेजातले मित्र घोषणा देऊन घसे बसवून यायचे. चाळीतला बबन, कॅरमला माझा जोडीदार, मला तोंडावर म्हणाला, "लेका, लोक लाठ्या खातायत आणि तू दिव्याखाली काठ्या फिरवतोस? लाज वाटत नाय तुला?" वाटायची. मी मोर्च्यांनाही गेलो, ओरडलो, पळालो. पण पळतानाही डोक्यात तो उजव्या कडेचा टक्क असायचा, याची मला आणखी लाज वाटायची. त्याच दिवसांत एका संध्याकाळी अप्पा फोर्टातून आले ते डाव्या भुवईवर रुमाल धरून. रुमाल लाल. "कपाटाच्या फळीवर आपटलो," म्हणाले. खालचे शेजारी मात्र सांगत होते की दगडफेक चालली होती, सगळे वाकले, अप्पा तेवढे ताठ उभे राहिले. काय छाती आहे माणसाची! अप्पा ते ऐकून घरात निघून गेले. आईनं हळद भरली. ती रडत होती, आणि एवढ्याशा खोकेला आई कशाला रडते, हे मला कळलं नाही.

क्लबात दरवर्षी बापलेकांच्या जोड्यांचे सामने व्हायचे. अप्पा इतकी वर्षं बाकावर बसून ते बघत आलेले, मुलगा मोठा होण्याची वाट बघत. त्या वर्षी त्यांनी आमची नावं दिली. मला न विचारता. फळ्यावर त्यांच्या हातचं ते रेखीव अक्षर मी दोनदा वाचलं. सगळ्या क्लबासमोर मी त्यांची मान करणार आणि सगळ्या क्लबासमोर बोटभर चुकणार. अप्पांनी घरी आईला सांगितलं, "या वर्षी खेळतोय आम्ही दोघं." ते किती खूश होते ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं, आणि त्यामुळे तर मला पळून जावंसं वाटत होतं.

सामन्याला महिना असताना एका हरताळाच्या दिवशी मी सकाळी क्लबात गेलो. ट्रामा बंद, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. वाटलं, निदान बघायला कुणी नसेल. हॉलचं दार उघडं होतं आणि आत सखाराम परब टेबलाच्या कापडावर इस्त्री फिरवत होता. सखाराम आमचा मार्कर; म्हणजे बॉल लावायचे, गुण मांडायचे, टेबल जपायचं, हे त्याचं काम. मूळचा मालवणकडचा, राहायला लालबागला, वयानं अप्पांच्या बरोबरीचा. आम्ही कालची पोरं त्याला 'ए सखाराम' म्हणायचो, आणि क्लबात तशीच रीत होती हे सांगून आता काही ती लाज कमी होत नाही. मी विचारलं, "आज कसा आलास? सगळं बंद आहे." तो म्हणाला, "चलत इलंय. कापडाक काय हरताळ कळता? एक दिवस इस्त्री चुकली तर लव उठता."

मी लाल बॉल लावला. टक्क. पुन्हा. टक्क. पाचव्या खेपेला मी क्यू बाकावर आदळला आणि टेबलावर डोकं टेकून चक्क रडलो. एकोणीस वर्षांचा घोडा. सखारामनं इस्त्री उभी करून ठेवली. "विनूभाऊ, माज्या कामात ह्या बसना नाय. पण आज कोण बगूक नाय. त्या घड्याळाकडे बोट दाखवा. दोनय डोळे उगडे ठेवून." मी दाखवलं. "आता डावो डोळो मिटा." मी मिटला आणि माझं बोट घड्याळावरून सरकून कॅलेंडरवर गेलं. "आता उजवो." उजवा मिटला, तर बोट घड्याळावर जसंच्या तसं. "बगितलास? तुमचो नेम डाव्या डोळ्यात असा. आणि तुमी त्येकाच इसरतास. क्यू हनुवटीच्या डाव्या अंगाक घ्या, मान सरळ ठेवा. टिचकी नको, ढकला. आणि मारल्यावर उठा नकात." मी मान सरळ केली. इतकं विचित्र वाटलं, देवळात पायात चपला राहिल्यासारखं. क्यू पुढे गेला. आवाजच आला नाही. लाल बॉल पॉकेटच्या जाळीत जाऊन पडल्याचा तेवढा मऊ धप्प. मी पुन्हा लावला. धप्प. दोन वर्षं! मला नाचावंसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी भयंकर राग आला. मी ओरडलो, "मग अप्पांनी मला हे का नाही सांगितलं? ते स्वतः तर मान कलवूनच खेळतात!"

सखाराम पुन्हा इस्त्री फिरवायला लागला. कापडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आला. मग खाली बघूनच म्हणाला, "पंधरा वर्सां मी तेंचे बॉल लावतंय. चाय डाव्या बाजूसून दिली तर तेंका दिसना नाय. उजवीकडे फिरान देतंय. कोणाक सांगूक नाय. तुमीय सांगा नकात. हापिसात कळला तर नोकरीचा काय?"

मी तिथेच बाकावर बसलो. चटणी. नाटकातली खुर्ची. उजव्या हाताला चालायचं. कपाटाची फळी. सगळे वाकले तेव्हा ताठ राहिलेली ती छाती. पुढे बऱ्याच वर्षांनी आईनं मला सांगितलं की अप्पा आठ-नऊ वर्षांचे असताना विटी लागून त्यांचा डावा डोळा गेला होता, बाहेरून काही कळत नव्हतं, आणि ऑफिसात लागताना त्यांनी दोन्ही डोळे चांगले असल्याचं लिहून दिलं होतं. सगळा जन्म त्या एका ओळीच्या धाकात गेला. पण त्या सकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त एवढं कळलं की क्लबातली पोरं आरशापुढे जी ऐट गिरवत होती ती एका डोळ्याच्या माणसाची नाइलाजाची मान होती, आणि माझा बाप आपल्याला जे येतं ते सगळं मला मनापासून देत होता. उठताना मी म्हणालो, "येतो, सखारामभाऊ." त्यानं चमकून वर बघितलं.

त्यानंतरचा महिना आधीच्या दोन वर्षांपेक्षा वाईट गेला. सकाळी एकटा असलो की मान सरळ, संध्याकाळी अप्पांसमोर मान कलती. सरळ मानेनं खेळावं, तर अप्पा 'का' म्हणून विचारणार, आणि त्यांना काय सांगणार? बाकांवरच्या लोकांचं काय? बापाची मान मुलाला का चालत नाही, हे एकदा कुणी बोलून दाखवलं की दुसरा कुणी अप्पांकडे नीट बघणार. कलत्या मानेनं खेळावं, तर हरणार, आणि इतक्या वर्षांची त्यांची हौस माझ्यापायी मातीत जाणार. दोन्ही पद्धती एकमेकींत मिसळून माझा होता तोही खेळ बिघडला. मला अप्पांचा राग यायचा, मग त्या रागाचा राग यायचा. गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एक दिवस डोळ्याला पट्टी होती, आणि ताटातली चटणी मला सापडेना. सून म्हणाली, "बाबा, इथेच तर आहे." मी जेवण तसंच टाकून उठलो. तिला वाटलं, औषधानं तोंडाची चव गेली.

सामना रविवारी दुपारी होता. समोर एक डॉक्टर आणि त्यांचा मुलगा, दोघेही बरे खेळणारे. बाकं भरलेली. अप्पा त्या दिवशी असे खेळले की मी तसं कुणाला खेळताना पुन्हा पाहिलं नाही. मी घालवायचो, ते भरून काढायचे, मी पुन्हा घालवायचो. शेवटी टेबलावर फक्त काळा बॉल उरला, त्याचे सात गुण, आम्ही चारच गुणांनी मागे, आणि पाळी माझी. काळा पॉकेटच्या समोर, पांढरा त्याच्या मागे, सरळ. तोच, शेंबड्या पोरानंही घालावा असा. हॉलमध्ये एवढी शांतता की दूरच्या मोर्च्याची घोषणा खिडकीतून ऐकू येत होती. अप्पा माझ्यामागे येऊन हळूच म्हणाले, "मान कलव, विनू." मी मान कलवली. गाल लावला. आणि मला स्पष्ट दिसलं की हा बोटभर उजवीकडे जाणार. मी उठलो. क्यूला खडू लावला, नको होता तरी लावला. सखारामभाऊ गुणांच्या फळ्यापाशी भिंतीकडे बघत उभे होते. मी पुन्हा वाकलो आणि मान सरळ ठेवली. मागे अप्पांचा श्वास अडकल्याचा आवाज मला ऐकू आला.

काळा बॉल पॉकेटच्या मधोमध गेला. कडेला कुठेही न लागता, धप्प. बाकांवरून "वा!" उठली. आणि मग सगळ्यांच्या देखत पांढरा बॉल तसाच, त्याच रेषेत, सावकाश चालत गेला आणि काळ्याच्या मागोमाग पॉकेटात पडला. नेम सरळ होता, इतका सरळ की पांढऱ्यालाही दुसरी वाट सापडली नाही. आणि ऐन वेळी माझ्या मनगटानं कॅरमची ती मेली टिचकी दिलीच होती. पांढरा आत म्हणजे फाउल, आणि काळ्याचे सातही गुण समोरच्यांना. सखारामभाऊ कोरड्या आवाजात म्हणाले, "फाउल. सात." आम्ही हरलो.

डॉक्टरांशी हात मिळवून, कोट घालून अप्पा बाहेर पडले. मी मागोमाग. हाताच्या वळणाबद्दलचं ते वाक्य कधी येतं, याची मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "काळा मधोमध गेला."

"हो."

"तुला डाव्या डोळ्यानं दिसतं."

"हो, अप्पा."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "आपोआप कळलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, हे खोटं त्यांनी ओळखलं आणि ठेवून घेतलं. तेवढ्यात समोरच्या नाक्यावरून मोर्चा वळून आमच्याच रस्त्याला लागला. झेंडे, आरोळ्या, हजारो माणसं. आम्ही फुटपाथच्या कडेला थांबलो. मी नेहमीसारखा त्यांच्या उजव्या हाताला उभा होतो. अप्पांनी माझं कोपर धरलं आणि मला स्वतःच्या पुढून ओढून पलीकडे नेलं.

"तू या बाजूनं चाल," ते म्हणाले. "इकडचं मला दिसत नाही."